वरातीच्या घोड्या आणि तांबगडची लढाई

“सर, तुमच्या पिक्चरमधले सैनिक आंघोळ करून लढाईला जातात का?”

हा प्रश्न मी माइक हातात धरून आख्ख्या शाळेसमोर विचारला. माझ्या मागे उज्मा आणि केतकी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या होत्या, कारण पैज त्यांचीच होती. विचारलंस तर सहामाहीपर्यंत आमच्या डब्यातला पहिला घास तुझा, नाही विचारलंस तर इथून पुढे वर्गात तुझी बडबड बंद. बडबड बंद म्हणजे माझ्यासाठी जन्मठेप. तेव्हा मी आठवीत होते. आता दहावीत आहे आणि बडबड चालूच आहे, त्यावरून निकाल कळला असेल.

स्टेजवर दिग्दर्शक कारखानीस सर बसले होते. आमच्या आंबेतळ गावाच्या डोक्यावर तांबगड आहे, त्याच्या लढाईवर ते पिक्चर काढत होते. शूटिंगच्या गाड्या लावायला शाळेचं मैदान हवं होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी ‘आधी विद्यार्थ्यांशी संवाद’ अशी अट घालून त्यांना पकडून आणलं होतं.

“असं का वाटलं तुला?” सर म्हणाले.

“तुमचा मागचा पिक्चर मी तीनदा बघितला. किल्ल्याला सहा महिने वेढा, आत दाणा नाही, पाणी नाही, आणि सगळ्यांचे केस शांपूच्या जाहिरातीसारखे उडतायत. अंगरख्यांना कडक इस्त्री. रात्री गुपचूप छापा घालायला निघाले, तर हातात एवढ्या मशाली की शत्रूला वाटावं दिवाळी आली.”

शाळा हसून फुटली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं की शाळा सोडल्याचा दाखला मला त्यांच्या चष्म्यात दिसला.

“तरी तीनदा बघितलास,” सर म्हणाले.

“भारी होता की. म्हणून तर राग आला.”

सर पुढे वाकले. “नाव काय तुझं? घरी कोणी इतिहासाचे शिक्षक आहेत का?”

“ईश्वरी बाबर. शिक्षक नाहीत सर. पप्पांच्या घोड्या आहेत. लग्नाच्या.”

इतका वेळ मोबाइलमध्ये घुसलेला त्यांचा मॅनेजर एकदम ताठ झाला. त्यांचे बाहेरून येणारे घोडे त्याच सकाळी रद्द झाले होते, हे मला नंतर कळलं. त्याने माइकशिवायच विचारलं, “किती आहेत?”

“पाच. सगळ्या पांढऱ्या.”

अशी आमच्या घरात फिल्म इंडस्ट्री आली.

आली ती अगदी वेळेवर आली. हल्ली नवरदेवांना घोडी नको असते, उघडी जीप हवी असते. शिवाय डीजेच्या भिंतीपुढे जनावर बिथरतं. त्या वर्षी लग्नसराई आली आणि गेली, आमच्या पाचही घोड्या एकदम बाहेर पडल्या असा दिवस उजाडलाच नाही. मग पप्पांनी एकदा जेवताना, मीठ मागावं तसं सांगितलं, “अकलूजच्या व्यापाऱ्याला या म्हणालोय सोमवारी. घोड्या बघून जाईल.” आणि त्यानंतर काय करणार, तर कुणाच्या तरी डीजेच्या गाडीवर ड्रायव्हर. आईने न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. आमच्या घरात यालाच रडणं म्हणतात.

मॅनेजर घरी येऊन गोठा बघून म्हणाला, “रविवारचा सीन जमला, तर दिवाळीपर्यंत घोड्या आमच्याकडे. नाही जमला, तर रविवारीच घेऊन जा.”

पप्पांनी व्यापाऱ्याला फोन लावला. “सोमवारचं जरा थांबा की. रविवार जाऊंदे.”

म्हणजे सगळं रविवारवर होतं. आणि रविवारवर असताना मी काय केलं, ते ऐका.

कारखानीस सरांनी मला सेटवर यायची परवानगी दिली होती. मला ते इन्स्पेक्टर म्हणायचे. शाळेच्या कपाटात तांबगडाची एक माहितीपुस्तिका होती, ती मी तोंडपाठ केली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दप्तरासकट ड्यूटीवर हजर झाले. गेल्या गेल्या सैनिकांच्या जेवणातला बटाटा काढायला लावला, कारण तेव्हा तो आपल्याकडे पिकतच नव्हता. एका भालाईताच्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा दाखवून दिला. तांबगडाचा वेढा फोडणाऱ्या निंबाजीरावांचं काम करणाऱ्या हिरोच्या, ऋत्विकच्या, तोंडाला चिखल लावायला सांगितला, तेव्हा त्याच्या मेकअपवाल्याचे डोळे भरून आले.

“इन्स्पेक्टर,” सर म्हणाले, “सगळं खरंखरं दाखवलं ना, तर लोक झोपतील गं.”

“उलट आहे सर. खोटं दिसलं की लोक मोबाइल काढतात.”

आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो पैजेतही नव्हता.

“नगारे कुठायत?”

“ते नंतर. म्युझिकमध्ये घालू.”

“मागच्या वेळी तुम्ही म्युझिकमध्ये गिटार घातली होती.”

सरांचा कॅमेरामन हळूच हसला. मी पुढे रेटलं, “घोड्यांच्या अंगात यायला नको का सर? समोर खरोखर वाजत असेल तर फौज फौजेसारखी दिसेल.”

“बरं,” सर म्हणाले. “आणा नगारे.”

आमच्या पंचक्रोशीत रविवारपर्यंत मिळणारे वाजंत्री एकच, दगडूनानांचा ताफा. दोन ताशे, एक ढोल, चार हलग्या. प्रॉपवाल्याने त्यांना फेटे बांधले, ढोलाला नगाऱ्यासारखं कापड गुंडाळलं, आणि रविवारी दुपारी ते टेकाडावर उभे राहिले. पप्पा तेव्हा ओढ्यावर आमच्या शेवंती घोडीला पाणी पाजत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. इतिहासात मी इतकी घुसले होते की आमच्या घोड्या पोटापाण्यासाठी काय करतात, हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

सीन असा होता. शत्रूची छावणी, मध्ये सरदाराचा तंबू, समोरून निंबाजीराव घोडी फेकत येतात. घोड्या जमल्या तेवढ्या, म्हणजे शेवंती सोडून चार. बाकीच्या चारशे शहाण्णव कॉम्प्युटरवर. ऋत्विक सगळ्यांत पुढे, गुडघ्यावर तपकिरी डाग असलेल्या आमच्या चंद्रीवर. सर म्हणाले, “ॲक्शन.”

दगडूनानांच्या ताफ्याने सुरुवात झकास केली. अंगावर काटा आला माझ्या. पण वर्षानुवर्षांची सवय हाताला, थोड्याच वेळात हलगी आपोआप वरातीच्या ठेक्यावर घसरली. चंद्रीचे कान उभे राहिले. मला तेव्हा कळलं. पण तोपर्यंत चंद्रीने उजवा पाय उचलला होता.

निंबाजीरावांची फौज नाचायला लागली.

साधंसुधं नाही. पुढचे दोन पाय आळीपाळीने, मान खाली-वर, दोन पावलं पुढे आणि एक मागे, म्हणजे मागच्या करवल्यांना फुगडी घालायला वेळ मिळावा. ऋत्विक तलवार उपसून “तुटून पडा” म्हणून ओरडत होता आणि त्याची घोडी कंबर हलवत होती. शत्रुसैन्यात सगळी आमच्याच गावची माणसं. त्यांनी जरा वेळ धीर धरला. मग चौघांनी ढाली खाली ठेवल्या आणि हात वर करून घोडीपुढे नाचायला सुरुवात केली. पाचव्याने नागीण डान्ससाठी तोंडात रुमाल धरला.

तसं नाचत नाचत सगळं लटांबर शत्रूच्या तंबूपाशी पोचलं. तंबूच्या दाराला झालर होती. झालर म्हणजे मांडव, हे चंद्रीला लहानपणापासून ठाऊक. तिने पुढचे पाय दुमडले, मान लववली आणि शत्रूच्या सरदाराला वाकून सलाम केला.

“ही उठत का नाही?” ऋत्विक वरून म्हणाला. तो हळूहळू तिच्या मानेवरून खाली घसरत होता.

“गूळ द्या,” शत्रुसैन्यातून कुणीतरी सांगितलं. “सासूनं गूळ दिल्याबिगार उठत न्हाई ती.”

शत्रूच्या सरदाराकडे गूळ नव्हता. कॅमेरामन कॅमेऱ्यामागे मांडी घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. हसत नव्हते ते दोघंच, मॅनेजर आणि ऋत्विक. नंतर ओढ्याकडून पप्पा आले आणि तिघं झाले.

पप्पांनी एका नजरेत सगळं ओळखलं. खिशातून गुळाचा खडा काढून चंद्रीला उठवलं, ऋत्विकला उतरवलं, त्याच्या गुडघ्याची माती झटकली.

“बाबर,” मॅनेजर म्हणाला, “लग्नाच्या घोड्या लग्नालाच ठेवा. संध्याकाळी घेऊन जा.”

“व्हय,” पप्पा म्हणाले आणि चंद्रीचा लगाम गुंडाळायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी पुढे होऊन म्हणाले, “सर, चूक नगाऱ्याची आहे. माझी आहे. नगारा बंद केला की त्या पळतील.”

“पळतील का?” सरांनी पप्पांना विचारलं.

पप्पा खोटं बोलत नाहीत, ही त्यांची मोठीच अडचण आहे. “न्हाई साहेब. परका माणूस पाठीवर बसला की त्यास्नी वाटतं नवरदेव. मग त्या सावकाशच चालणार.”

“मग कधीच पळत नाहीत?”

“पळत्यात की. वरात संपली, नवरदेव उतरला, घरचं माणूस बसलं, की सुटल्याच घराकडं. मग आवरत न्हाईत कुणाला.”

सरांनी मान वळवून गावाकडे बघितलं. आमचं घर गावाच्या मावळतीच्या टोकाला, घाटाच्या रस्त्यावर आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “इन्स्पेक्टर, फौज कुठून आली होती?”

हे उत्तर मला द्यायचं नव्हतं. कारण फौज घाटाकडून आली होती. मावळतीकडून उगवतीकडे. हे आमच्या गावात अंगणवाडीतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. संध्याकाळची वेळ, निंबाजीरावांच्या पाठीशी सूर्य, शत्रूच्या डोळ्यांत ऊन, घोडे दिसले तेव्हा अंगावर आलेले होते. लढाई त्यामुळेच जिंकली. आणि आमच्या घोड्या पळणार त्या बरोबर उलट्या, उगवतीकडून मावळतीकडे.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. पप्पा मात्र लगाम गुंडाळतच होते.

“घाटाकडून,” मी म्हणाले. “पण सर, ऊन पाठीशी हवं, एवढंच महत्त्वाचं आहे. सकाळी शूट करा. सूर्य उगवतीला असेल, म्हणजे घोड्यांच्या पाठीशीच असेल. तुम्ही त्याला संध्याकाळ म्हणा. पडद्यावर पूर्व-पश्चिम लिहिलेली नसते.”

कॅमेरामन उठून उभा राहिला. सर माझ्याकडे वळले.

“काल बटाटा काढायला लावणारी तूच ना?”

“बटाटा दिसतो सर. दिशा दिसत नाही.”

“गावातल्यांना दिसेल. गड उजव्याऐवजी डाव्या हाताला येईल.”

“मग कॉम्प्युटरवर उलटं करा, आरशात दिसतं तसं. चारशे शहाण्णव घोडे बनवताय, एवढं जमेल की.”

मॅनेजर म्हणाला, “उद्या सकाळी. एकदाच.”

आता घरचं माणूस पाठीवर हवं, आणि घोड्या पाच. पप्पा, काका, काकांचे दोघं मुलगे. शेवंती उरली. वरातीहून परत येताना शेवंतीवर नेहमी मी बसायचे, पण सातवी संपल्यावर आईने ते बंद केलं होतं. कारण काय, तर मोठी झालीस. एवढंच कारण. त्यात प्रश्न विचारायला जागाच नव्हती, नाहीतर मी विचारलाच असता.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. “आईला काय सांगायचं?”

“काही नाही सांगायचं. लवकर जातोय म्हणायचं.”

सोमवारी सकाळी मेकअपवाल्याने आदल्या दिवशीच्या चिखलाचा सूड घेतला. मला दाढी नको होती, त्याने दाढी, मिशा आणि गालावर एक जखम असं सगळं लावलं.

“सर, निंबाजीरावांच्या फौजेत मुली होत्या का?” मी विचारलं.

“मिशी लावलीय ना? मग इतिहास गप्प,” सर म्हणाले.

पप्पांनी ऋत्विकचा जिरेटोप आणि शेला घातला. पाठीमागून ते ऋत्विकपेक्षा जास्त निंबाजीराव दिसत होते. समोरून ते पप्पाच होते, घाबरलेले.

सूर्य वर आला. वाजंत्री नव्हते, म्युझिक नव्हतं, आख्ख्या माळावर नुसता खोगिरांचा आवाज. “ॲक्शन” म्हणायच्या आधीच चंद्रीने घराकडे तोंड केलं आणि आम्ही सुटलो.

मी खूप बडबड करते, पण ते पळणं मला अजून नीट सांगता येत नाही. रबराची तलवार होती, ती कुठे पडली माहीत नाही. तोंडात मिशी जात होती. पुढे पप्पांचा शेला उडत होता आणि समोरचं शत्रुसैन्य ठरल्याप्रमाणे लढायला उभं होतं, ते आम्हाला बघून खरोखर पळालं. काल नाचलेले सगळ्यांत आधी. आम्ही छावणीतून आरपार गेलो. झालरीच्या तंबूपुढे चंद्री क्षणभरसुद्धा रेंगाळली नाही. मागून सर “कट, कट” ओरडत असणार, पण घोड्यांना मराठी तेवढं येत नाही आणि आम्हाला थांबायचं नव्हतं. शाळेच्या मैदानातून प्रार्थनेच्या रांगा डावीकडे ठेवून आम्ही गेलो, तेव्हा उज्माने मला ओळखलं असं ती अजून शपथेवर सांगते. मग देवळाचा पार, मग आमची गल्ली, आणि मग पाचही घोड्या दारातल्या हौदात तोंड घालून पाणी प्यायला लागल्या.

आई अंगणात भांडी घासत होती. तिने निंबाजीरावांकडे बघितलं, मग एकेका सैनिकाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जास्त वेळ.

“आधी ती मिशी काढ,” ती म्हणाली. “आणि हे आजचं आज. परत नाही.”

सीन जमला. दिवाळीपर्यंत घोड्या कंपनीकडे राहिल्या. व्यापाऱ्याचा फोन दिवाळीनंतर परत यायला लागला.

पिक्चर मार्चमध्ये लागला. कराडला जाऊन आम्ही तिघांनी बघितला. पाचशे घोडे पडद्यावर आले, त्यातल्या शंभरांच्या गुडघ्यावर चंद्रीचा तपकिरी डाग होता. आणि उलटं करण्याच्या नादात तलवारींचा विचार कुणी केलाच नव्हता, त्यामुळे निंबाजीरावांची आख्खी फौज डावखुरी. मी पप्पांना कोपराने ढोसलं. ते हसले नाहीत. थिएटरमध्ये शिट्ट्या वाजत होत्या, त्या हळूहळू थांबल्या. पडद्यावर फक्त घोड्या पळत होत्या, माना लांब करून, कान मागे टाकून. पुढच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होत्या.

“लोकास्नी वाटतंय शत्रूवर चालून निघाल्यात,” पप्पा पुटपुटले. “घराकडं निघाल्यात त्या.”

तेव्हा मला पुस्तिकेतली एक ओळ आठवली. दिशा, वेळ, ऊन, सगळं मी पाठ केलं होतं आणि ती ओळ सोडून दिली होती, कारण त्यात चुका काढण्यासारखं काही नव्हतं. निंबाजीरावांच्या फौजेतली बरीचशी माणसं आंबेतळचीच होती, आणि वेढा पडला तेव्हा त्यांची बायकामुलं वर गडावर अडकली होती. म्हणजे ती माणसंही त्या संध्याकाळी घरीच निघाली होती. मध्ये शत्रू होता, एवढंच. दिशा उलटी, वेळ खोटी, फौज डावखुरी, आणि त्यातलं हे एवढं मात्र खरं होतं. ते आमच्या घोड्यांनी केलं होतं, कुणी न सांगता.

बाहेर पडलो तर कारखानीस सरांचा फोन. नवीन पिक्चर होता, नाशिककडच्या माळावर, घोड्या आमच्याच हव्या होत्या.

“साहेब,” पप्पा म्हणाले, “त्या माळावर आमचं घर न्हाई. तिथं त्या पळायच्या न्हाईत.” आणि बोलणं संपवून फोन खिशात ठेवला.

घरी आल्यावर आईने तवा ठेवला. पप्पा गोठ्यात जाऊन आले, हात धुतले, पाटावर बसले.

“अकलूजवाला परवा येतोय,” ते म्हणाले. “आता त्याला परत पाठवायचा न्हाई.”

आईने त्यांच्या ताटात न विचारता भाकरी टाकली. मी ती उचलून परत टोपलीत ठेवली.

“त्याला नको म्हणा,” मी म्हणाले. “आणि सरांना हो म्हणा.”

“ईशे, येडी का? घराकडंच पळत्यात त्या. जन्मभर तेवढंच केलंय.”

“कारण त्यांना कुणी दुसरीकडे पळवलंच नाही. उद्यापासून रोज शाळेच्या आधी मी पळवणार. आधी पारापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग घाटापर्यंत, घराकडे पाठ करून.”

“काकाच्या पोरांना सांग,” आई म्हणाली. “तुला मी काय सांगितलं होतं?”

“आजचं आज, परत नाही, असं सांगितलं होतंस.”

“मग?”

“मग ते मी ऐकलं. सगळा हिवाळा ऐकलं,” मी म्हणाले. “आता उद्या सकाळी मी शेवंतीवर बसणार आहे. मी विचारत नाहीये आई. सांगतेय.”